साच्याआधीचा कागद : विणकाम-नियोजनाच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

कापड साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, विणले जाते, पण ते ठरते त्याच्या बरेच दिवस आधी, चौकटीच्या कागदावर. समजा, दहा हजार मीटर ट्विलची (तिरप्या रेघांच्या विणीच्या कापडाची) मागणी आली. रुंदी १०० सेंटिमीटर, सेंटिमीटरला २४ तार, म्हणजे काठ सोडून ताण्यात (उभ्या धाग्यांत) २४०० तार हवेत. क्रीलवर, म्हणजे कोनांच्या घोडीवर, एका वेळी सुताचे ४०० कोन बसत असतील तर वार्पिंगचे सहा बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) काढायचे, सायझिंगला ते एकत्र घेऊन खळ लावायची आणि साच्याचा बीम भरायचा. विणताना ताणा बाण्याखालून-बाण्यावरून (आडव्या धाग्यांखालून-वरून) वळणे घेतो, म्हणून १०० मीटर कापडाला १०७-१०८ मीटर ताणा धरायचा. ताण्याचे तार उचलणाऱ्या चौकटी म्हणजे वह्या; चार वह्यांवर बांधणी (विणीची रचना) असेल तर प्रत्येक वहीत तार ओवायचे ६०० डोळे. साचा मिनिटाला १८० पिक (बाण्याचे धागे) मारतो आणि कापडात सेंटिमीटरला २० पिक हवेत, तेव्हा मिनिटाला ९ सेंटिमीटर कापड पुढे सरकते. तार तुटणे, बाण्याच्या सुताची कांडी संपणे, साचा बंद पडणे हे सगळे धरून ८० टक्के काम पदरात पडले, तर आठ तासांच्या पाळीत एका साच्यावर साधारण ३५ मीटर. वीस साचे लावले तर पंधरा पाळ्या.

हे गणित कोणी करायचे आणि ते त्याला कोणी शिकवायचे, या प्रश्नाला आपल्याकडे दीडशे वर्षांहून जास्त इतिहास आहे.

हातमागाच्या घरात हे गणित वेगळे काढलेले नव्हते. ताणा घालायला घरातली बाई, कांड्या भरायला मुले, मागावर बाप. नऊवारीला किती हात ताणा लागेल, काठात किती तार घ्यायचे, कुठली वही कधी उचलायची हे पाहता पाहता अंगात यायचे. येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराला नियोजन असा शब्द लागला नाही, कारण आखणारा आणि विणणारा एकच होता. या ज्ञानाला अडाणी कारागिरी म्हणण्याची जुनी खोड मला मुळीच पटत नाही. ते पूर्ण ज्ञान होते. एवढेच की ते एका घराच्या, फार तर एका पेठेच्या मापाचे होते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. यंत्रे लँकेशायरची आणि ती लावणारे, चालवून दाखवणारे मास्तरही बरेचसे तिथलेच. चौकटीचा कागद गिरणीत आला तो या विव्हिंग मास्तरांच्या, म्हणजे विणकाम खात्याच्या प्रमुखांच्या, टेबलावर. खाली साचेखात्यात मात्र शिक्षण जॉबरच्या (मुकादमाच्या) हाताखाली व्हायचे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला पोरगा गाववाल्याच्या ओळखीने आत शिरायचा, बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) राहायचा आणि शेजारच्या साच्यावर नजर ठेवून काम उचलायचा. तुटलेला तार कसा सांधायचा हे त्याला कळे. हे कापड याच बांधणीचे का, हे त्याला सांगायला कोणी बांधील नव्हते. आखणारा आणि विणणारा इथे पहिल्यांदा दोन माणसे झाले.

यातला वरचा, म्हणजे आखणाऱ्याचा, अर्धा भाग भरून काढायचा पहिला मोठा प्रयत्न १८८७ चा. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या नावाने मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आपली व्हीजेटीआय. सुरुवात भायखळ्याला झाली, १९२३ मध्ये संस्था माटुंग्याला गेली. गिरणमालकांचा तिला पाठिंबा होता, कारण सातासमुद्रापलीकडून आणलेला मास्तर महाग पडत होता. नमुन्याचे कापड उसवून त्याची बांधणी कागदावर उतरवणे, वहीत तार ओवण्याचा क्रम आखणे, वह्या उचलण्याचा क्रम आखणे, सुताचा नंबर (जाडी-बारीकी) आणि वजन यांचा हिशेब हे सगळे आता वर्गात शिकता येऊ लागले. इथून एल.टी.एम. ही कापड-उत्पादनाची पदविका घेऊन बाहेर पडलेली मुले गिरण्यांत असिस्टंट म्हणून लागली, पुढे मास्तर झाली आणि गोऱ्या मास्तरांचे प्रमाण हळूहळू उतरत गेले. हे काम मोठेच होते आणि त्याचे श्रेय त्या संस्थेला द्यायलाच हवे.

पण ते शिक्षण इंग्रजीतून होते. साच्यावरचा माणूस तिथवर पोचणार कसा? जॉबर आणि मास्तर यांच्यामधली भिंत तशीच राहिली, मास्तरचा रंग तेवढा बदलला. मुंबईच्या गिरण्यांतला १९२८ चा सहा महिन्यांचा संप आठवावा. विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, ही काही गिरण्यांची योजना त्या संपाच्या मोठ्या कारणांपैकी एक होती. कागदावर ती योजना बसत असेलही. पण सूत हलके असले, ताण्याला खळ नीट बसलेली नसली, तर दोन साच्यांवरच तार सांधता सांधता दम निघतो, हे साच्यापाशी उभ्या माणसाला माहीत होते आणि आखताना त्याला विचारायची पद्धतच नव्हती.

या आखणीचा कस लागतो तो वहिफणीत, म्हणजे वह्या आणि फणी यांतून तार ओवण्याच्या कामात. नवीन बांधणीचा बीम आला की दोघे समोरासमोर बसतात. मागचा ताण्यातून एकेक तार पुढे करतो, पुढचा वहीच्या डोळ्यातून आकडा (हूक) घालून तो ओढून घेतो. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पुन्हा पहिली. असे २४०० वेळा. मग फणीच्या घरांतून दोन-दोन तार. एक तार चुकीच्या वहीत गेला तर त्याची रेघ त्या बीमच्या पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत कापडात उभी राहते. ज्या कामगाराला समोरचा कागद वाचता येतो, त्याला शंभराव्या तारालाच काहीतरी बिनसल्याचे समजते. ज्याला येत नाही त्याला ते साचा सुरू झाल्यावर कोणीतरी ओरडून सांगते.

स्वातंत्र्यानंतर खालच्या, म्हणजे विणणाऱ्याच्या, अर्ध्याकडे सरकारचे लक्ष गेले. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. अहमदाबादला १९४७ मध्ये अटिरा ही वस्त्रसंशोधन संस्था निघाली होती, मुंबईत १९५४ मध्ये तशीच बिट्रा आली आणि साच्यांची कार्यक्षमता, तारतूट, सायझिंग यांचा अभ्यास गिरणीतच मोजमाप घेऊन होऊ लागला.

तोवर विणकाम मात्र गिरणीबाहेर चालले होते. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने गावाचे वळणच बदलले. यंत्रमागाच्या गावातले नियोजन निराळे. आठ माग असलेल्या मालकाकडे विव्हिंग मास्तर कुठून असणार? व्यापारी ‘क्वालिटी’ सांगतो, म्हणजे ताण्या-बाण्याच्या सुताचे नंबर, फणी आणि पिक. बाकी सायझिंगवाला, वहिफणीवाला आणि जॉबर मिळून निभावतात. तिथे मजुरीची बोलणीसुद्धा ५२ पिकांचा दर धरून होतात. म्हणजे आखणीतला एक आकडा थेट कामगाराच्या पगारात उतरला आहे, आणि तो आकडा तिथला कामगार चोख जाणतो. शिक्षणाची सुरुवात इथूनच करता आली असती, असे मला फार वाटते.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी इचलकरंजीत डीकेटीईची वस्त्रोद्योग अभियांत्रिकी संस्था उघडली. एकीकडे गिरणगाव थांबत होते आणि दुसरीकडे मागांच्या गावात, ज्यांच्या घरी माग होते त्यांच्या मुलांना घराजवळ हे शिक्षण मिळू लागले होते. त्या गावाने हा निर्णय वेळेवर घेतला.

पुढे १९९९ ची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, तिच्या कर्जांवर बिनधोट्याचे (बाणा नेणारा धोटा नसलेले) माग आले आणि चौकटीच्या कागदाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या ‘समर्थ’ या कौशल्य योजनेत जवळपास सगळी वस्त्रसाखळी आहे, फक्त संघटित क्षेत्रातले सूतकताई आणि विणकाम वगळून. कारखान्यांनी आपली माणसे आपण तयार करावीत, असाच त्याचा अर्थ. पण हवेच्या झोताने बाणा फेकणारा एअरजेट माग मिनिटाला ६०० पिक सहज मारतो. वर मांडलेलेच ट्विल त्यावर लावले तर मिनिटाला ९ सेंटिमीटरच्या जागी ३० सेंटिमीटर कापड पुढे येते, आणि वहिफणीत एक तार चुकला असेल तर रेघही त्याच वेगाने लांबत जाते.