मोड्यूलमधलं मोड्यूल: रेल्सच्या 'कन्सर्न'ची पार्श्वभूमी

रूबी या प्रोग्रामिंग भाषेत एका क्लासला पालक क्लास एकच. बाकीचं वागणं मोड्यूल, म्हणजे मेथडचा गठ्ठा, 'इन्क्लूड' करून उसनं घ्यायचं. पण इन्क्लूडने मिळतात त्या इन्स्टन्स मेथड, म्हणजे क्लासपासून बनलेल्या वस्तूवर चालणाऱ्या. थेट क्लासवर चालणाऱ्या क्लास मेथड येत नाहीत. यावर रूबीवाल्यांनी एक साचा रूढ केला: मोड्यूल कुठे इन्क्लूड झालं की चालणाऱ्या 'इन्क्लूडेड' या हुकमध्ये त्या क्लासला आतलं 'क्लासमेथड्स' मोड्यूल 'एक्स्टेंड' करायचं. रेल्स या रूबीतल्या वेब फ्रेमवर्कच्या जुन्या प्लगइनांत हा साचा जागोजागी दिसे.

खरी पंचाईत मोड्यूलमध्ये मोड्यूल घातल्यावर व्हायची. समजा, टॅगिंगच्या मोड्यूलच्या हुकमध्ये 'हॅज_मेनी' (मॉडेलांमधलं नातं सांगणारी रेल्सची मेथड) आहे आणि शोधाचं मोड्यूल टॅगिंगला इन्क्लूड करतं. हुक तिथल्या तिथे चालतो, तेव्हा त्याच्या हाती मॉडेल (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास) नसतं, शोधाचं मोड्यूल असतं. त्याला 'हॅज_मेनी' ठाऊक नाही, म्हणून 'नोमेथडएरर', म्हणजे 'अशी मेथडच नाही' ही तक्रार. मग प्रत्येक मॉडेलात दोन्ही मोड्यूल, तेही टॅगिंग आधी अशाच क्रमाने लिहावी लागत. शोधाची आतली गरज वापरणाऱ्याने लक्षात ठेवायची!

2010 मध्ये रेल्स 3.0 सोबत त्याच्या ॲक्टिव्ह सपोर्ट या सहायक लायब्ररीत 'कन्सर्न' हे मोड्यूल आलं. हुकचा साचा आटोपशीर झाला ही त्यातली वरवरची सोय. मर्म 'अपेंड_फीचर्स' या मेथडमध्ये आहे. इन्क्लूड करणारं स्वतःच कन्सर्न असेल, तर ती काहीच जोडत नाही, फक्त त्याच्या अवलंबनांच्या यादीत नोंद करते. खरा क्लास आला की आधी यादीतली मोड्यूल, मग स्वतः मोड्यूल, नंतर क्लास मेथड आणि शेवटी 'इन्क्लूडेड'चा ब्लॉक क्लासच्या संदर्भात चालवते.

पुढे रेल्स 4.0 ने (2013) नव्या प्रकल्पात 'कन्सर्न्स' फोल्डर आयतेच दिले, आणि मोठं मॉडेल नुसतं कापून तिथे कोंबण्याची सवयही तेव्हाच फोफावली. 4.2 मध्ये क्लास मेथड लिहिण्यासाठी 'क्लास_मेथड्स' ब्लॉक आला. रूबी 2.0 पासून असलेल्या 'प्रीपेंड'ला (मोड्यूलच्या मेथड क्लासच्या मेथडांआधी लावणारी सोय) कन्सर्नची साथ मात्र 6.1 मध्ये मिळाली.

आजही दोन चुका नेहमीच्या. 'व्हॅलिडेट्स' किंवा 'स्कोप' या मॉडेलच्या मेथड 'इन्क्लूडेड' ब्लॉकबाहेर लिहिल्या, की ते मोड्यूलवरच चालतं आणि कोसळतं. दुसरी चूक ओळींच्या क्रमाची. मोड्यूलला कन्सर्न बनवणारी 'एक्स्टेंड'ची ओळ लिहिण्याआधी दुसरं कन्सर्न इन्क्लूड केलं, तर यादी अजून तयारच नसते. मग हुक लगेच चालतो आणि तोच जुना 'नोमेथडएरर' पुन्हा समोर येतो.