विश्वामित्रीचं खोरं नकाशावर कसं आलं

बडोद्यात पाऊस जोरात लागला की दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात: आजवा तलावाची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुलाखालची विश्वामित्रीची पातळी. आजवा २११ फुटांवर आला म्हणजे काय आणि पुलाखाली पाणी पंचवीस फुटांवर गेलं म्हणजे काय, हे दांडिया बाजारातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण या दोन जागांच्या मधली जमीन, तिचा उतार, तिचे ओहोळ, पाणी कुठून कुठे वळतं, याचा नकाशा फार थोड्यांनी पाहिलेला असतो. आज क्यूजीआयएससारख्या, नकाशे काढायच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर कुणालाही तो घरबसल्या काढता येतो. एवढी सोय व्हायला दीडशेहून अधिक वर्षं गेली, आणि ही वर्षं नीट पाहिली की संगणकावरचा नकाशा कुठे बरोबर येतो आणि कुठे चुकतो हेही कळतं.

विश्वामित्री पावागडावर उगम पावते, नैऋत्येकडे येत बडोद्यातून वळणं घेत जाते, धाधर नदीला मिळते आणि धाधर खंभातच्या आखातात उतरते. पावागड हा ज्वालामुखीच्या खडकाचा डोंगर, सुमारे ८०० मीटर उंच. भोवती पसरलेलं मैदान गाळाचं, आणि बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५ ते ४० मीटरवर. डोंगरावरचं पाणी खडकावरून झपाट्यानं खाली येतं आणि मैदानात येऊन रेंगाळतं. नदीच्या पुराचं मूळ या एका गोष्टीत आहे.

नकाशाच्या दृष्टीनं खरी अडचण राजकीय होती. पावागड आणि पंचमहाल ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. १८५३ मध्ये तिथला कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये झाशीकडच्या मुलखाच्या बदल्यात तो कायमचा इंग्रजी अमलात आला. खालचं बडोदं मात्र गायकवाडांचं. म्हणजे नदीचं डोकं एका राज्यात आणि धड दुसऱ्यात. दोन मराठी सरदारांनी अठराव्या शतकात गुजरातेत ज्या रेषा आखून घेतल्या, त्या पाण्याच्या उताराला धरून नव्हत्या. आजही उगम पंचमहाल जिल्ह्यात आणि शहर वडोदरा जिल्ह्यात, हा त्याच वाटणीचा वारसा आहे.

त्या काळातले जे तपशीलवार नकाशे, ते महसुलाचे. मोजणीदार साखळी घेऊन शेतात उतरायचा, सर्व्हे नंबराची हद्द, जमिनीची प्रत आणि आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, ठरवायचा. ओढ्याचं पात्र म्हणजे पोटखराबा, लागवडीला न येणारी जमीन, त्यावर सारा नाही, म्हणून त्याच्याकडे पाहायची नजरही तेवढीच. गावनकाशात ओढा दोन रेषांनी दाखवलेला असतो आणि गावच्या शिवेला येऊन तो थांबतो. पलीकडच्या गावाच्या नकाशात तो पुन्हा सुरू होतो, पण बरेचदा वेगळ्या रुंदीनं. असे शंभर गावनकाशे शेजारी शेजारी मांडले तरी पाणी कोणत्या बाजूला वाहतं ते कळत नाही, कारण त्यांत उंची नाही.

उंची आणली ती सर्व्हे ऑफ इंडियानं. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणामुळे देशभरातले बिंदू एकमेकांशी जोडले गेले आणि त्यावर एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे बेतले गेले. स्वातंत्र्यानंतर त्यांची जागा १:५०,००० च्या मेट्रिक नकाशांनी घेतली. या नकाशांना संस्थानाच्या सीमेचं बंधन नव्हतं. पावागड आणि बडोदं एकाच मोजपट्टीवर आले.

त्या नकाशावर खोरं काढायचं काम कसं चालायचं तेही सांगायला हवं, कारण आजचं सॉफ्टवेअर तीच कृती गिरवतं. नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा. आधी निळ्या पेन्सिलीनं नदी आणि तिला मिळणारा प्रत्येक ओढा उगमापर्यंत गिरवायचा. मग नदी जिथे संपते तिथून सुरुवात करून समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) काटकोनात छेदत, दोन ओढ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून लाल रेघ ओढत जायचं, ती फिरून सुरुवातीच्या बिंदूला मिळेपर्यंत. लाल रेघ म्हणजे जलविभाजक, तिच्या आतलं ते पाणलोट क्षेत्र. क्षेत्रफळासाठी प्लॅनिमीटरची सुई त्या रेघेवरून फिरवायची. डोंगरात हे काम सोपं, रेषा दाटीवाटीनं असतात. मैदानात हात थबकतो. समोच्च रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर, काही ठिकाणी १०, आणि आजव्यापासून शहरापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात एखाद-दोन रेषा. लाल रेघ तिथे काढणाऱ्याच्या अंदाजावर जायची.

आजवा तलाव हे या खोऱ्याच्या अभ्यासाचं बडोद्यातलं सर्वांत जुनं दृश्य फळ. सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलेला हा तलाव १८९२ मध्ये सुरू झाला. शहराला तिथून पाणी उतारानं, पंपाशिवाय येई. हे जमायचं तर कोणती जमीन किती वर आहे, कुठल्या भागातलं पाणी तलावात जमेल, हे आधी मोजावं लागतं. इतक्या सपाट मुलखात ते त्या काळातल्या इंजिनिअरांनी लेव्हलिंगच्या दुर्बिणीनं अचूक मोजलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

संगणकाची गोष्ट वेगळ्याच देशात सुरू झाली. १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमिनीची नोंद ठेवायला पहिली मोठी भौगोलिक माहिती प्रणाली उभी केली. नद्यांच्या शाखांना श्रेणी देण्याची हॉर्टन यांची पद्धत १९४५ ची, स्ट्रालर यांनी ती १९५० च्या दशकात सोपी केली. ती अजून तशीच वापरात आहे. आणि १९८४ मध्ये ओकॅलहन आणि मार्क यांनी आठ दिशांची रीत मांडली. जमिनीचे चौकोन पाडा, प्रत्येक चौकोनाची उंची लिहा, आणि प्रत्येकाचं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या शेजाऱ्याकडे पाठवा. ज्या चौकोनातून पुष्कळ चौकोनांचं पाणी जातं ती नदी. लाल-निळ्या पेन्सिलींचं काम अशा रीतीनं बेरजेत उतरलं.

उंचीचे चौकोन मिळाले ते फेब्रुवारी २००० मध्ये. नासाच्या एंडेव्हर अंतराळयानानं अकरा दिवसांत रडारनं जगाचा बहुतेक भूभाग मोजला. भारतासाठी आधी ९० मीटरचे चौकोन खुले झाले, २०१४ नंतर ३० मीटरचे. पावागड आणि बडोदं उंचीच्या एकाच तुकड्यात येतात, २२ उत्तर ७३ पूर्व, पण धाधरचं मुख त्या तुकड्याबाहेर जातं, म्हणून शेजारचे तुकडेही जोडून घ्यावे लागतात. मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ मुळे इस्रोचाही उंचीचा आराखडा तयार झाला आणि तो तिच्या भुवन या संकेतस्थळावर मिळतो. २००५ च्या नकाशा धोरणानं सर्व्हेचे नकाशे सर्वसामान्यांसाठी मोकळे केले, २०१७ पासून ते ऑनलाइन उतरवता येतात. क्यूजीआयएस २००२ पासून आहे. शिंदे-गायकवाडांच्या सीमेला न जुमानणारा नदीचा नकाशा घरोघरी शक्य झाला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत.

आता अडचण. आजव्याचे २११ फूट म्हणजे ६४ मीटर. शहर पस्तीस-चाळीस मीटरवर. वीसेक किलोमीटरमध्ये पंचवीस मीटरचा उतार, म्हणजे किलोमीटरला सव्वा मीटर. रडारच्या मोजमापात उंचीच्या चुकीची मान्य मर्यादाच १६ मीटरची होती. प्रत्यक्षात चूक बरीच कमी निघते, तरी ती किलोमीटरमागच्या उतारापेक्षा मोठीच. त्यात रडारला झाडाचा शेंडा आणि घराचं छप्पर दिसतं, त्याखालची जमीन नाही. नदीकाठच्या कमाटीबागेतली जुनी झाडं त्याला टेकडीसारखी वाटतात आणि त्यांच्यामधलं नदीचं पात्र बुजतं. पावागडाच्या उतारावर ओढे हुबेहूब येतात, मैदानात मात्र सॉफ्टवेअर एकमेकांशी समांतर सरळ रेघा ओढून मोकळं होतं. विश्वामित्रीचं एकही वळण त्यात नसतं.

उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण घाईत गाळला जातो. सर्व्हेच्या नकाशावरून किंवा उपग्रहचित्रावरून नदी हातानं गिरवून ती उंचीच्या चौकोनांत खोल कोरायची, मग पाणी सोडायचं. दुसरी खबरदारी खड्डे भरण्याची. सॉफ्टवेअर पाणी अडू नये म्हणून प्रत्येक खोलगट जागा भरून सपाट करतं. इथे त्या जागा म्हणजे तलाव आणि कोतरं (नदीकाठच्या घळी), जिथे पुराचं पाणी खरोखर साठतं आणि जिथे मगरी राहतात. ती भरून टाकली तर नकाशातून नदीचा निम्मा स्वभाव जातो. रेल्वेचे भराव आणि शहराच्या पूर्वेकडून मही नदीकडे जाणारा नर्मदेचा मुख्य कालवा यांचंही तसंच. उंचीत ते भिंतीसारखे दिसतात, त्यांच्याखालची मोरी दिसत नाही. ती जाऊन पाहावी लागते.

आणि कांस. रूपारेल कांस, भूखी कांस ही नावं बडोद्याबाहेर कुणाला सांगून कळणार नाहीत. पावसाचं पाणी वस्तीतून नदीकडे नेणारे हे चर ३० मीटरच्या चौकोनात मावतच नाहीत. कित्येक ठिकाणी त्यांवर स्लॅब पडलाय, रस्ता गेलाय. पण शहरात पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरेल हे ठरतं त्यांच्यावर. माझ्या मते बडोद्याच्या पाणलोटाचा जो नकाशा कांस दाखवत नाही तो डोंगराचा नकाशा आहे, शहराचा नाही.

एक बारीक गोष्ट शून्याची. आजव्याचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा, पुलाखालचा आकडा स्थानिक शून्यापासूनचा, म्हणजे त्या पुलापुरत्या ठरवलेल्या शून्यापासूनचा. पुलाखालचे पंचवीस फूट समुद्रसपाटीपासूनचे असते तर पस्तीस-चाळीस मीटरवरचं बडोदं कधी बुडालंच नसतं. दोन्ही एका नकाशावर आणायचे तर पुलाच्या शून्याची उंची आधी शोधावी लागते, आणि हे केल्याशिवाय पूररेषा काढण्यात अर्थ नाही.

३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुलाखालची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. दरम्यान मे २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं नदीची आणि तिच्या पूरक्षेत्राची हद्द आखायला सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रानं भारतीय संस्थांना परवान्याशिवाय बारीक मोजणी करायची मोकळीक दिली. ड्रोननं वा लेसरनं काही सेंटिमीटरच्या अचूकतेनं जमीन मोजणं आता शक्य आहे. तशी मोजणी पात्रापुरती करून भागणार नाही. ती पावागडाच्या पायथ्यापासून धाधरच्या संगमापर्यंत, दोन्ही जिल्ह्यांत, एकाच शून्यावरून व्हायला हवी.