फूड ट्रकचा परवाना काढताना: गाडीत काय हवं, फाइलमध्ये काय हवं

फूड ट्रकच्या अर्जाला गाडीची नोंदणी, विमा आणि मालकाचं ओळखपत्र लागतंच. गाडी भाड्याची असेल तर करारही जोडावा लागतो. पण अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला खरं बघायचं असतं ते गाडीतलं स्वयंपाकघर. शिवाय ती गाडी पाणी कुठून भरते, सांडपाणी कुठे रिकामं करते, रात्री कुठे उभी राहते, हेही. म्हणून तयारी आणि साफसफाई दुसऱ्या जागी होत असेल, तर त्या जागेचं संमतीपत्र बहुतेक ठिकाणी मागतात.

सगळ्यात जास्त वेळ द्या गाडीच्या आतल्या आराखड्यावर. शेगडी, फ्रिज, भांडी धुण्याची जागा आणि हात धुण्याचं वेगळं बेसिन त्यात मापासकट दाखवा. सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी हवी; अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत ती 15 टक्के मोठी ठेवायला सांगितलं आहे. सोबत पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांच्या प्रशिक्षणाचे दाखले आणि गॅसजोडणीचं सुरक्षा प्रमाणपत्र लावा.

तपासणीत अधिकारी आधी नळ सोडून बघतात. हात धुण्याच्या बेसिनमध्ये भांडी रचलेली दिसली, की इथे कुणी हात धुत नाही हे त्यांना लगेच कळतं. मग थर्मामीटर फ्रिजमध्ये जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार थंड पदार्थ 5 अंश सेल्सिअसखाली आणि गरम पदार्थ 60 अंशांवर राहायला हवेत. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला 2 तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. गाडी निघताना जनरेटर बंद केला, तर वाटेतच फ्रिज तापायला लागतो. त्यामुळे पोहोचल्यावर लगेच तापमान बघून वहीत वेळेसह लिहा. रोज भरलेली ही वही मला कोणत्याही दाखल्याइतकीच मोलाची वाटते.

अडचण अशी, की हॉटेल जागेवर सापडतं, ट्रक सापडत नाही. अधिकारी ठरल्या जागी येतो, तोवर गाडी दुसऱ्या हद्दीत गेलेली असते आणि राहिलेली फेरतपासणी तशीच लांबते. यात गिऱ्हाइकाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, म्हणून थांब्यांचं आठवड्याचं वेळापत्रक कुणी मागण्याआधीच विभागाला द्या. हद्द बदलत असेल तर तिथलीही परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्या. परवान्याची प्रत गाडीवर दिसेल अशी लावा.

गाडी विकली तर परवाना सहसा तिच्याबरोबर जात नाही. नव्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो.