मुलाखती संपल्या, आता रँक लिस्ट : अमेरिकन रेसिडेन्सी मॅचची शेवटची पायरी

अमेरिकेत रेसिडेन्सीची, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची, जागा 'मॅच'मधून मिळते : अर्जदार आणि प्रोग्राम (प्रशिक्षण देणारे दवाखान्यांचे विभाग) एकमेकांना पसंतीक्रम देतात आणि संगणक ते जुळवतो. जानेवारीअखेर बहुतेकांच्या मुलाखती आटोपतात. फेब्रुवारीत एनआरएमपी या मॅच चालवणाऱ्या संस्थेच्या आर-थ्री या ऑनलाइन प्रणालीत रँक लिस्ट, म्हणजे पसंतीची यादी, भरता येऊ लागते, आणि महाराष्ट्रातून एमबीबीएस करून आलेल्यांना इथे नीट-पीजीच्या चॉइस फिलिंगची सवय नडते. तिथे मागच्या फेरीत जागा कितव्या रँकला गेली ते बघायचं, आपल्याला काय मिळेल ते ताडायचं, आणि पुढच्या फेरीत अपग्रेडची आशा ठेवायची. मॅचमध्ये कट-ऑफ नाही, अपग्रेड नाही, आणि मुख्य फेरी एकच. प्रोग्रामने तुम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवलंय हे तुम्हाला कळत नाही. कळायची गरजही नाही, ती का ते पुढे येईलच.

आधी पात्रता. इरासवर (प्रोग्रामना अर्ज पाठवण्याची ऑनलाइन सेवा) अर्ज केला म्हणजे एनआरएमपीची नोंदणी झाली असं नाही. ती वेगळी, तिची फी वेगळी, आणि मिळालेला एनआरएमपी क्रमांक इरासमध्ये टाकायचा असतो. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना ईसीएफएमजीच्या (त्यांची पात्रता प्रमाणित करणारी संस्था) परीक्षांच्या अटी रँक लिस्टच्या अंतिम मुदतीपर्यंत पूर्ण कराव्या लागतात : स्टेप वन, स्टेप टू सीके (अमेरिकी परवाना परीक्षेचे टप्पे) आणि पाथवे (क्लिनिकल व संवादकौशल्याची अट), त्यातली ओईटी ही इंग्रजीची परीक्षा धरून. मुदतीला एनआरएमपी हे ईसीएफएमजीकडून पडताळते. काही अपुरं असेल तर कितीही चांगली यादी भरलेली असो, नाव मॅचमधून काढलं जातं. डिग्रीची पडताळणी मागे असली तरी एनआरएमपी यादी अडवत नाही. पण ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर जुलैत रुजू होता येत नाही, आणि काही प्रोग्राम ते प्रमाणपत्र रँक करण्याआधीच मागतात. त्यामुळे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून पडताळणीचं उत्तर गेलं की नाही, याचा पाठपुरावा फेब्रुवारीतच करून टाका.

व्हिसाचा प्रश्न यादी लावण्याआधी मिटवा, आणि तोही ईमेलवर. 'प्रोग्राम कोऑर्डिनेटर फोनवर हो म्हणाली' याला अर्थ नाही. जे-वन (एक्सचेंज व्हिजिटर व्हिसा) असेल तर प्रायोजक ईसीएफएमजी, आणि भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड, म्हणजे देशाला त्या शाखेच्या डॉक्टरांची गरज असल्याचं पत्र, लागतं. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट पाळावी लागते किंवा तिच्यातून सूट घ्यावी लागते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्टेप थ्रीचा निकाल हवा, आणि बरेच प्रोग्राम तो रँकिंगच्या आधीच मागतात. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलरचा बोजा आला. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये 'देतो' म्हणालेल्या प्रोग्रामला फेब्रुवारीत पुन्हा विचारण्यात काही गैर नाही.

आता क्रम. मॅचचा अल्गोरिदम अर्जदाराच्या यादीपासून सुरू होतो. ही रचना १९९८ पासून वापरात आहे आणि ती बसवणाऱ्यांपैकी ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. समजा, तुम्ही एक मोठा विद्यापीठाचा प्रोग्राम पहिला ठेवलात. त्यांच्या १० जागा, आणि त्यांच्या यादीत तुम्ही ४० वे. संगणक तुम्हाला तिथे बसवू पाहतो, पण दहाही जागांवर तुमच्या वरची माणसं आहेत. मग तो तुमच्या दुसऱ्या पसंतीकडे वळतो. तिथल्या ६ जागा तात्पुरत्या भरलेल्या आहेत, पण शेवटचा माणूस त्या प्रोग्रामच्या यादीत २२ वा आणि तुम्ही १५ वे. तो बाहेर, तुम्ही आत. तुम्ही त्यांना पहिलं न ठेवता दुसरं ठेवलंत, याने तिथे काडीचाही फरक पडला नाही. कारण तोवर कोणाचीच जागा पक्की झालेली नसते.

म्हणून 'सेफ प्रोग्राम वर टाक, नाहीतर हातचा जाईल' हा व्हॉट्सॲप ग्रुपवरचा सल्ला साफ चुकीचा आहे. त्याने हातचं काही वाचत नाही, उलट वरचं मिळण्यासारखं असूनही सुटतं. 'वी हॅव रँक्ड यू हायली' छापाच्या मेलनेही क्रम हलवू नका. तुम्ही आम्हाला कितवं ठेवणार, हे विचारायला प्रोग्रामला मनाई आहे. आपणहून कौतुक कळवायला मात्र दोन्ही बाजूंना मुभा आहे, आणि ते कुणावरच बंधनकारक नसतं.

पसंती ठरवताना दवाखान्याच्या नावापेक्षा आधी एसीजीएमई या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रोग्रामची मान्यता बघा. 'वॉर्निंग' किंवा 'प्रोबेशन' दिसलं तर कारण विचारा. इंटर्नल मेडिसिन असेल तर एबीआयएम हे त्या शाखेचं बोर्ड प्रोग्रामनिहाय बोर्ड परीक्षेच्या उत्तीर्णतेचं प्रमाण जाहीर करतं, तेही बघा. कार्डिओलॉजी किंवा गॅस्ट्रो करायचं असेल तर त्याच दवाखान्यात फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं उपशाखेचं प्रशिक्षण) आहे का आणि तिथे स्वतःचे किती रेसिडेंट घेतले, हा आकडा चकचकीत ब्रोशरपेक्षा बोलका असतो. रेसिडेंट्सना 'कल्चर कसं आहे' असं विचारलंत तर गोड उत्तर मिळेल. 'गेल्या ब्लॉकमध्ये नाईट किती लागल्या, आठवड्याच्या ८० तासांची मर्यादा कोणत्या रोटेशनला ओलांडली जाते, मध्येच सोडून किती जण गेले' असं विचारा. पगारात फारसा फरक नसतो, घरभाड्यात प्रचंड असतो.

जिथे मुलाखत झाली तो प्रत्येक प्रोग्राम यादीत घालावा, हा साधारण नियम. मूळ फीमध्ये २० प्रोग्राम बसतात, त्यामुळे बहुतेकांना एक पैसाही जास्त लागत नाही. वगळायचा तो फक्त असाच, की तिथे जाण्यापेक्षा वर्ष फुकट गेलेलं परवडेल. २०२५ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी सुमारे ५८ टक्के मॅच झाले. हे बघता वगळण्याची चैन फार थोड्यांना झेपते. पण मॅच बंधनकारक आहे : जागा लागली की जावंच लागतं, आणि सुटका हवी तर ती प्रोग्राम देऊ शकत नाही, एनआरएमपीकडे अर्ज करावा लागतो.

घोळ होतो तो कोडमध्ये. १४०सी० ने संपणारा कोड म्हणजे मेडिसिनची पूर्ण तीन वर्षं. १४०पी० म्हणजे प्रिलिम, एकच वर्ष. एकाच दवाखान्याचे दोन्ही कोड यादीत एकाखाली एक दिसतात आणि घाईत चुकीचा उचलला जातो. रेडिओलॉजी, ॲनेस्थेशियासारख्या शाखांच्या 'ए' जागा दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाची वेगळी सप्लिमेंटल यादी त्या-त्या प्रोग्रामला जोडावी लागते. ती राहिली तर दुसरं वर्ष हातात आणि पहिलं वर्ष अधांतरी, अशी गत होते.

नवरा-बायको दोघंही मॅचमध्ये असतील तर जोड्यांची यादी करायची. प्रत्येक ओळीत दोघांचा एकेक प्रोग्राम, आणि दोन्ही जागा मिळाल्या तरच ती ओळ लागू. शेवटच्या ओळींत एकाला प्रोग्राम आणि दुसऱ्याला 'नो मॅच'चा कोड, म्हणजे नऊ वेळा ९, टाकायचा का, हे घरात आधी बोलून घ्या.

यादी नुसती सेव्ह करून चालत नाही, 'सर्टिफाय' करावी लागते. नंतर एखादी ओळ जरी वरखाली केली तरी पुन्हा सर्टिफाय करा आणि स्थिती 'सर्टिफाइड' दिसते का ते बघून स्क्रीनशॉट ठेवा. २०२५ मध्ये मुदत ५ मार्चला रात्री ९ ची, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने, होती. पुण्यात तेव्हा ६ तारखेच्या सकाळचे साडेसात. मुदत उलटल्यावर यादी उघडत नाही. मॅच वीकच्या, म्हणजे निकालाच्या आठवड्याच्या, सोमवारी जागा लागली की नाही एवढंच कळतं. न लागल्यास सोप या उरलेल्या जागांच्या प्रक्रियेत ४५ पर्यंत अर्ज करता येतात, म्हणून शिफारसपत्रं आणि पर्सनल स्टेटमेंट इरासमध्ये आधीच चढवून ठेवा. जागा कुठे लागली ते शुक्रवारी तिथल्या दुपारी १२ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला कळतं.