महासीरची पिल्लं सोडली, पण कुठल्या नदीची?

सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमाकडे महासीर, म्हणजे आपला खडस, पुन्हा वाढवायचा म्हटलं की पहिलं नाव लोणावळ्याच्या वलवणचं निघतं; तिथे महासीरची पिल्लं तयार केली गेली. त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1839 मध्ये टॉर खुद्री या महासीरच्या जातीचं शास्त्रीय वर्णन छापलं. महाडजवळ काळ नदीवरचं वाळणकोंड किंवा वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे इथे मात्र कोणत्याही कायद्याशिवाय मासे राखले गेले होते. देवाचा मासा मारायचा नाही, एवढा नियम पुरत होता.

पुढे घाटमाथ्यावर धरणं झाली. 1915 मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली आणि भीमेच्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली उतरू लागलं. मुळशीत बुडालेल्या गावांसाठी सत्याग्रह झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. माशाच्या वाटेचा विचार तेव्हा कोणीच केला नाही. महासीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात वाळू-गोट्यांवर अंडी घालतो. भिंत आडवी आली की तो तिथेच अडतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वलवणला एका वीज कंपनीने महासीरचं बीज तयार करायला घेतलं. मादीच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढायची, त्यात नराचं शुक्र मिसळायचं, आणि ती पिवळसर अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवायची. पिकलेली मादी नेमकी त्या दिवशी हाती लागणं, हेच यात सर्वांत अवघड. हे जमवणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

वाद आहे तो पुढच्या निर्णयाचा. तयार झालेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, इतर राज्यांना देण्यात आली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती कावेरीतही पोचली. कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा होता: पाठीवर उंचवटा, पर नारिंगी. त्याला तेव्हा धड शास्त्रीय नावही नव्हतं. गळाने मासे धरून परत सोडणाऱ्यांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदवह्या नंतर तपासल्या, तेव्हा निळसर परांचे, म्हणजे सोडलेल्या टॉर खुद्रीचे, मासे वाढत गेलेले आणि उंच पाठीचे कमी होत गेलेले दिसले. 2018 मध्ये कावेरीच्या या उंच पाठीच्या माशाची ओळख टॉर रेमादेवी अशी ठरली आणि त्याच वर्षी धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. सोडलेल्या बोटुकलीचे समर्थक धरणं, वाळूउपसा आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांच्याकडे बोट दाखवतात. ती कारणं खरीच आहेत. पण आधीच खचलेल्या नदीत दुसऱ्या नदीचा मासा वर्षानुवर्षं ओतला गेला, हे त्यामुळे पुसलं जात नाही. हेतू चांगला होता म्हणून हा निर्णय योग्य होता, असं मला म्हणता येत नाही.

त्याच 2018 मध्ये आपला टॉर खुद्री लाल यादीत संकटग्रस्त वर्गातून बाहेर पडून कमी चिंतेच्या वर्गात गेला. यादी संपूर्ण जातीचा विचार करते. इंद्रायणीत देहू-आळंदीपर्यंत येणाऱ्या सांडपाण्यात त्याच जातीच्या माशांचं काय होतं, ते त्या वर्गावरून कळत नाही.

घाटमाथ्याच्या जलाशयांत लवकर वाढतात म्हणून कटला-रोहूची बोटुकली सोडली जाते, आणि हे मासे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. आता उगमाकडच्या ओढ्यांत महासीर सोडायच्या योजनांतही प्रजनक मासे, म्हणजे ज्यांच्यापासून बीज घ्यायचं ते नर-मादी, कुठून आणणार, हा प्रश्न बाजूला पडतो. पूर्वेकडे जाणाऱ्या इंद्रायणीचं बीज पश्चिमेला उतरणाऱ्या काळ किंवा वैतरणेत टाकू नये. तिथल्या डोहांत गावांनी राखलेले मासे अजून आहेत; वाढवायचेच असतील तर बीज त्यांचंच घ्यावं, आणि तेही गावाला विचारून.