मोची फ्रिजमध्ये कडक का होते?

बेकरीच्या थंड काचपेटीत, पेस्ट्रीच्या शेजारी मांडलेली मोची (चिकट तांदळाच्या मऊ आवरणात सारण भरलेली जपानी मिठाई) घेण्याआधी ती कधी केली, एवढं विचारून घ्यावं. कालची असेल तर राहू द्या. करणाऱ्याचा हात चांगला असला तरी पेटीतलं चार-पाच अंशांचं तापमान तिचा घात करतं.

मोचीचं आवरण मोचिगोमे या चिकट जपानी तांदळाचं असतं. तांदळातल्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. रोजच्या भाताच्या तांदळात अमायलोज साधारण 15 ते 30 टक्के असतं, मोचिगोमेत जवळजवळ नसतंच. शिजलेलं अमायलोज गार होताच घट्ट जाळं धरतं. म्हणून मोदकाची पारी आकार धरते, पण ताणली की तुटते. अमायलोपेक्टिनच्या फांद्या नुसत्या गुंततात, त्यामुळे पीठ लांबत जातं. मोदकाची पिठी कितीही मळली तरी तिची मोची होत नाही. आसामच्या बोरा साऊळची पिठी चालते.

घरी करायची तर 100 ग्रॅम शिरातामाको (मोचिगोमेचं ओलं दळून वाळवलेलं, रवाळ पीठ), 150 मिली पाणी आणि 80 ग्रॅम साखर घ्या. पाणी थोडं थोडं घालत आधी कण मोडून घ्या, साखर नंतर. साखर आधी पडली तर ती पाणी धरून ठेवते आणि कण तसेच राहतात. 600 वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवून ओल्या पळीने खालपासून ढवळा, मग एक मिनिट, पुन्हा ढवळून अर्धं मिनिट. दुधी मिश्रण चकचकीत, अर्धपारदर्शक झालं पाहिजे. पांढरे डाग दिसले तर तिथे पीठ कच्चं आहे. बटाट्याच्या स्टार्चवर ओतून कोमट असतानाच सारण भरा. कडांना जास्त स्टार्च लागला तर तोंड मिटत नाही. ब्रशने झटकून टाका.

‘कमी गोड’च्या हौसेने साखर 30 ग्रॅमवर आणली की दुसऱ्या दिवशी मोची चिवट झालीच म्हणून समजा. शिजलेलं अमायलोपेक्टिनही हळूहळू पुन्हा रांगेत बसून स्फटिक धरतं, आणि शून्य ते पाच अंशांत ते सर्वांत वेगाने. साखर त्यात अडथळा आणते. कडक झालेली मोची दहा-पंधरा सेकंद गरम केली की स्फटिक वितळून ती मऊ होते, पण आत स्ट्रॉबेरी किंवा क्रीम असेल तर हा उपाय बाद. उरलेली मोची फ्रिजऐवजी सरळ फ्रीझरमध्ये टाका: उणे 18 अंशांना रेणूंची हालचाल जवळपास थांबते. जपानच्या लोट्टे कंपनीने 1981 मध्ये मोचीत आइस्क्रीम भरून ‘युकिमी दाइफुकु’ बाजारात आणलं. तसल्या आवरणात साखर भरपूर असते, म्हणून त्यातलं सगळं पाणी गोठत नाही आणि दात बसतो.

याच चिकटपणामुळे मोची घशात अडकू शकते; जपानमध्ये नववर्षाच्या सुमारास वृद्धांच्या बाबतीत असे अपघात दरवर्षी होतात. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना देताना बारीक तुकडे करा, आणि एक गिळून झाल्यावरच दुसरा द्या.