चीनमधली इंग्रजीची मास्तरकी: अनुभव, मानधन आणि पगार

वर्षभर चीनमध्ये इंग्रजी शिकवा, राहायला घर मिळेल, सुट्टीत देश पाहता येईल आणि एका प्राचीन संस्कृतीत राहण्याचा अनुभव गाठीशी येईल, अशा जाहिराती जगभरच्या पदवीधर तरुणांना ओळखीच्या आहेत. पगाराचा आकडा त्यात शेवटी येतो, आणि पुष्कळदा त्याला पगार न म्हणता मानधन म्हटलेलं असतं. जावं ते अनुभवासाठी की पैशासाठी, हा वाद या आकड्यावरून सुरू होतो. पैसा गौण मानणं ही एके काळी तिथली खरी परिस्थिती होती. ती बदलली, जाहिरातींची भाषा मात्र तशीच राहिली, आणि तिचा फायदा भलत्यांनाच झाला.

दुभाषे घडवण्यासाठी छिंग राजघराण्याच्या दरबाराने १८६२ साली बीजिंगमध्ये काढलेली शाळा, मिशनऱ्यांची कॉलेजं, १९४९ नंतर इंग्रजीला मागे सारून आलेली रशियन, हा इतिहास मोठा आहे, पण आजच्या वादाशी त्याचा संबंध थोडा. १९७७ मध्ये विद्यापीठ प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली, पुढच्या वर्षी आर्थिक सुधारणांचं धोरण आलं आणि विद्यापीठांना इंग्रजी शिकवणारी माणसं तातडीने हवी झाली. १९८० च्या दशकात बाहेरून आलेल्यांच्या दोन पायऱ्या होत्या. वर ‘परकीय तज्ज्ञ’, खाली ‘परकीय शिक्षक’. तज्ज्ञांना जास्त पगार, विमानभाडं आणि चांगली राहण्याची सोय. बीजिंगमध्ये त्यांच्यातले बरेच जण फ्रेंडशिप हॉटेलात राहत. हे हॉटेल मुळात १९५० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांसाठी बांधलेलं. खालच्या पायरीवरच्यांना कॅम्पसमधली खोली आणि बेताचा पगार. तोही चिनी चलनात, म्हणजे युआनमध्ये. त्यातला ठरलेला हिस्साच परकीय चलनात बदलून घरी पाठवता येई.

पाश्चात्त्य हिशेबाने हे पैसे किरकोळ होते. पण शेजारच्या खोलीतल्या चिनी प्राध्यापकाच्या कितीतरी पट होते, आणि मुख्य म्हणजे त्यात कुणाचा नफा नव्हता. विद्यापीठ सरकारी, विद्यार्थ्यांकडून इंग्रजीसाठी वेगळी फी नाही, मधे एजंट नाही. १९९३ पासून अमेरिकी सरकारच्या योजनेतून स्वयंसेवक सिचुआनमध्ये येऊ लागले, पुढे चोंगछिंग, क्वेइचौ आणि कान्सूपर्यंत पोचले. स्थानिक सहकाऱ्यांच्या बरोबरीने राहायचं हा त्या योजनेचा हेतूच होता. तिथे मानधन हा शब्द शोभत होता. या लोकांच्या कामाबद्दल आदरच वाटावा असं ते काम आहे. ही योजना २०२० मध्ये संपली.

गाडी रुळावरून घसरली ती २००१ नंतर. त्या वर्षी जुलैमध्ये बीजिंगला ऑलिंपिक मिळालं, डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि इंग्रजी तिसरीपासून शिकवायचं धोरण आलं. आईवडिलांनी पैसे मोजायला सुरुवात केली आणि खासगी क्लासेसचं पीक आलं. परदेशी शिक्षक आता धंद्याचा दर्शनी भाग झाला. क्लासमधल्या नोकरीचा आठवडा पाहिला तर हे कळतं. शिकवण्याचे वीस-पंचवीस तास, शिवाय बसून राहण्याचे ‘ऑफिस अवर्स’. शनिवार-रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेले, कारण मुलं तेव्हाच मोकळी. नव्या पालकांपुढे डेमो क्लास, आणि अधूनमधून मॉलमध्ये स्टॉलवर उभं राहून पत्रकं वाटणं. सरकारी शाळेत वेगळा प्रकार. चाळीस-पन्नास मुलांचा एकेक वर्ग आठवड्यातून एकदाच भेटायचा, म्हणजे अठरा-वीस वर्ग धरले तर सातशे ते हजार मुलं. नावंसुद्धा पाठ होत नाहीत. यातलं संस्कृतीचं दर्शन किती आणि राबणं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पालक फी भरतात त्या अर्थी हे काम आहे, आणि कामाला बाजारभाव असतो.

इथेच मध्यस्थांच्या ‘सांस्कृतिक इंटर्नशिप’ आल्या. उमेदवाराकडून नोंदणीची फी घ्यायची, त्याला शाळेत पाठवायचं, शाळेकडून पैसे घ्यायचे आणि त्यातलं थोडं मानधन म्हणून त्याच्या हातावर ठेवायचं. कामाचा झेड व्हिसा न काढता भेटीगाठी-देवाणघेवाणीच्या एफ व्हिसावर माणसं नेण्याचे प्रकार झाले. १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या आगमन-निर्गमन कायद्याने हे महागात पडू लागलं. बेकायदा काम करणाऱ्याला ५,००० ते २०,००० युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी. नोकरी देणाऱ्यालाही माणशी १०,००० युआन दंड आहे, पण कमाल मर्यादा १ लाखाची. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एक खुलासा केला, ज्याची चर्चा फार कमी झाली. वर्क परमिट नसलेल्या परदेशी माणसाने नोकरीचं नातं मान्य करा असा दावा लावला, तर न्यायालय तो मान्य करणार नाही. म्हणजे पगार थकला, अचानक काढून टाकलं, तरी कामगार कायद्याचं संरक्षण नाही. ‘अनुभवासाठी’ आलेला माणूस बहुतेक वेळा नेमका याच फटीत सापडला.

आता ज्यावरून सर्वांत जास्त भांडणं झाली तो निर्णय. १ एप्रिल २०१७ पासून जुनी दोन परमिटं, तज्ज्ञांचं आणि इतर परदेशी कामगारांचं, एकत्र करून देशभर एकच वर्क परमिट आलं आणि माणसं अ, ब, क अशा वर्गांत विभागली गेली. भाषाशिक्षक ब वर्गात. अट अशी की त्याने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषाच शिकवावी, पदवी असावी आणि दोन वर्षांचा अनुभव असावा. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी, मायदेशातलं शिक्षकाचं प्रमाणपत्र किंवा इंग्रजी शिकवण्याचा आंतरराष्ट्रीय दाखला असेल तर अनुभवाची अट शिथिल. पण मातृभाषा ठरवायची कशावरून? व्यवहारात ती पासपोर्टवरून ठरू लागली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. भारत नाही, फिलिपिन्स नाही. ‘तत्त्वतः’ या सवलतीमुळे अंमलबजावणी प्रांताप्रांतात बदलत राहिली, पण सरसकट चित्र हेच.

निर्णयाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की बनावट दाखले आणि कुणालाही उभं करणारे क्लासेस यांना आळा घालायला तपासता येईल असा निकष हवा होता, आणि पासपोर्ट तपासायला सोपा. मुद्दा खोटा नाही. पण त्याचा परिणाम पाहा. कोणत्याही विषयाची पदवी आणि महिन्याभरात मिळवता येणारा दाखला घेतलेला तरुण कायदेशीर, आणि पुण्यात बालवाडीपासून एम.ए.पर्यंत इंग्रजीत शिकून दहा वर्षं तेच शिकवलेली बाई अपात्र. भारतीयांना उरलेला सरळ मार्ग म्हणजे द्विभाषिक शाळांत गणित किंवा विज्ञान शिकवणं. ज्यांना तो नव्हता त्यांना कमी पैशात, परमिटशिवाय काम मिळत राहिलं, कारण मागणी होतीच. कोविडपूर्वी चीनमध्ये सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक एमबीबीएसचे. मराठी घरांतली मुलंही त्यात होती. विद्यार्थी व्हिसावर परवानगीवाचून शिकवण्या घेणं २०१३ च्या कायद्याने बेकायदा आहे, हे एजंट कधीच आधी सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. याच २०१७ च्या व्यवस्थेत परमिट मागणाऱ्यांचं गुणांकनही आहे, आणि त्यात वार्षिक पगार जितका मोठा तितके गुण जास्त. माणसाच्या कौशल्याचं माप सरकार स्वतः पगारावरून काढतं. मग परदेशी शिक्षकाने पगाराचा विषय काढला की त्याला लोभी का ठरवायचं?

परमिट असलेल्यांचीही कोंडी होतीच. परमिट एका मालकाच्या नावावर, आणि जुन्या मालकाच्या रिलीज लेटरशिवाय, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्राशिवाय, दुसरीकडे जाणं अवघड. ते अडवून धरून शेवटचा पगार बुडवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत.

जुलै २०२१ मध्ये ‘दुहेरी कपात’ धोरण आलं. गृहपाठ आणि शिकवण्या दोन्ही कमी करायच्या. शालेय विषयांचे क्लासेस नफ्यावर चालवायला बंदी, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत वर्ग बंद, आणि देशाबाहेर बसून ऑनलाइन शिकवणारे परदेशी शिक्षक नेमायलाही मनाई. मोठमोठ्या साखळ्या काही आठवड्यांत बसल्या. आगाऊ फी भरलेले पालक आणि थकलेल्या पगाराचे शिक्षक, चिनी आणि परदेशी दोन्ही, एकाच बंद दारापुढे उभे राहिले. त्यातच जन्म घटले. २०१६ मध्ये सुमारे १ कोटी ७८ लाख, २०२३ मध्ये ९० लाख. बालवाड्या हजारोंनी बंद होऊ लागल्या. परदेशी शिक्षकांची मोठी मागणी क्लासेस आणि बालवाड्यांतच होती. उरल्या त्या विद्यापीठांतल्या, सरकारी आणि द्विभाषिक शाळांतल्या जागा. तिथे कागदपत्रं काटेकोर तपासली जातात, त्यामुळे परमिटशिवाय मानधनावर येणाऱ्याला तिथे फारशी जागा नाही.